युद्धकाळातील साक्ष आणि न्यायाची शिकवण

युद्धाविषयी आपल्या व्यासपीठांवरून जे बोलले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. प्रसंग विजयाचा असला तर उपकारस्तुती होते, आणि संकटाचा असला तर शांतीसाठी प्रार्थना होते. दोन्ही योग्य आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्यांनी युद्ध आरंभिले नाही, ज्यांना त्यात काही मिळवावयाचे नव्हते, आणि तरीही ज्यांचे सर्वस्व त्यात गेले, त्यांच्या बाबतीत न्याय या शब्दाचा अर्थ काय? या प्रश्नाला बगल देऊन केलेला क्षमेचा उपदेश पोकळ ठरतो, हा अनेक पाळकांचा अनुभव आहे. युद्धकाळात सामान्य माणसांनी लिहून ठेवलेले वाङ्मय या बाबतीत पाळकाला व धर्मशिक्षकाला कोणते साह्य करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. त्यासाठी दूरच्या देशांतील ग्रंथांकडे जाण्याचे कारण नाही. माळव्याच्या वाटेने गेलेल्या एका मराठी भिक्षुकाची वही आपल्यापुढे आहे.

इंदूरच्या मंडळ्यांतील वाचकांना लालबाग परिचित आहे. खान नदीकाठच्या या राजवाड्याचे बांधकाम १८८६ साली, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या अखेरच्या काळात सुरू झाले आणि १९२१ साली, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, पूर्ण झाले. त्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडविलेले आहे. १८५७ च्या उठावानंतर संस्थानिक व इंग्रज सरकार यांच्यामध्ये जी घडी बसली, तिचेच हे फाटक चिन्ह होय. परंतु ती घडी बसण्यापूर्वी याच शहरात काय घडले, याविषयी ही वास्तू काहीच सांगत नाही. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सी कोठीवर हल्ला झाला व त्यात स्त्रिया-मुलांसह अनेक युरोपीय मारले गेले. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरातच फाशी देण्यात आले. हल्ल्याचा पुढारी सादतखान पुष्कळ वर्षांनी सापडला व १८७४ साली फासावर गेला. राजवाड्यांचा स्वभावच असा असतो की ते शेवट तेवढा सांगतात आणि त्याची किंमत कोणी दिली ते सांगत नाहीत. ती सांगण्याचे काम साक्षीदाराच्या लेखणीला करावे लागते.

१. साक्षीदार आणि त्याची वही

लालबागेचा पाया घातला जाण्यापूर्वी दोन-तीन वर्षे, म्हणजे १८८३ च्या सुमारास, कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावी विष्णुभट गोडसे हे आपल्या तरुणपणच्या प्रवासाची हकीकत लिहीत होते. घरावर कर्ज झालेले, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत अशी वार्ता आलेली. दक्षिणा मिळेल या आशेने गोडसेभटजी १८५७ साली आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूच्या अलीकडे शिपायांच्या तोंडून त्यांना येऊ घातलेल्या बंडाची चाहूल लागली. तरीही ते परतले नाहीत. माळव्यातून ग्वाल्हेर व तेथून झाशी असा त्यांचा मार्ग झाला. इंग्रज सैन्याने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. शहर पडल्यावर जे घडले ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढे काल्पी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी असे फिरत आणि पुन्हा पुन्हा लुटले जात ते घरी परतले. द्रव्य फारसे उरले नव्हते. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी आणलेली गंगेची कावड मात्र त्यांनी शेवटपर्यंत जपली.

ही हकीकत लिहिण्याची प्रेरणा त्यांना चिंतामण विनायक वैद्य यांनी दिली. गोडसे हे वैद्य घराण्याचे उपाध्ये होते. वैद्यांनीच १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने हा ग्रंथ प्रसिद्ध केला, परंतु भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली निघाली. इंदूरकडील ज्या वाचकांना हिंदी अधिक सोयीची आहे, त्यांच्यासाठी अमृतलाल नागर यांचा ‘आँखों देखा गदर’ हा अनुवाद उपलब्ध आहे.

या ग्रंथाविषयी एक सावधगिरी आरंभीच सांगितली पाहिजे. घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लेखन झाल्यामुळे तिथीवारांत व ऐकीव मजकुरात त्याची स्मृती अनेक ठिकाणी चुकते, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. दूरच्या दरबारांतील खलबतांसंबंधी तो जे सांगतो ते बाजारातील अफवेहून फार वेगळे नाही. पण स्वतःच्या डोळ्यांसमोरील रस्त्यासंबंधी जेव्हा तो बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वेगळे वजन येते. साक्षीदाराचे मोल त्याच्या सर्वज्ञतेत नसते. तो कोठे उभा होता आणि तेथून त्याला काय दिसले, यात ते असते. शुभवर्तमानाचा उपदेश करणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही, कारण आपल्या विश्वासाचा पायाही पाहिलेले व ऐकलेले सांगणाऱ्यांच्या साक्षीवरच घातलेला आहे.

२. गोळाबेरीज आणि एकेक माणूस

झाशीत जे घडले त्याचा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या झोकनबागेत, शरण आलेल्या साठांच्या आसपास युरोपीय व युरेशियन लोकांची, स्त्रिया व मुले धरून, बंडखोरांनी कत्तल केली. हे घोर पाप होते. त्याला दुसरे नाव देता येणार नाही. पुढे मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांचे सैन्य झाशीपुढे आले. ३ एप्रिल रोजी ते शहरात शिरले आणि त्यानंतर जी कत्तल झाली ती झोकनबागेचा सूड म्हणून झाली. परंतु सूड कोणावर उगविला गेला? झोकनबागेत शस्त्र चालविणारे शिपाई बहुतांशी केव्हाच निघून गेले होते. मेले ते कोष्टी, दुकानदार, भिक्षुक, पाणके, अंथरुणावरचे म्हातारे. गोडसेभटजींच्या वर्णनात मारणारा शिपाई समोरच्या माणसाला काहीच विचारीत नाही. तो पुरुष आहे आणि झाशीचा आहे, एवढे पुरते. पोर असो की वृद्ध असो, फरक होत नाही. जीव वाचविण्यासाठी लोक विहिरींत उतरले, तेथेही मरण त्यांना सोडीत नव्हते. मग लूट झाली, आणि ती सोन्यानाण्यापासून भांडीकुंडी, कपडालत्ता व धान्यापर्यंत पोहोचली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचे दुःख या विद्याव्यासंगी ब्राह्मणाला विशेष झालेले दिसते. शेवटी रस्त्यांतून व चौकांतून प्रेतांचे ढीग रचून, घरांची लाकडे घालून ते जाळण्यात आले. कोणाचे प्रेत कोणते, कोणता मंत्र कोणासाठी, हे ठरविण्याची सोय उरली नव्हती.

आमच्या मते या वर्णनात युद्धाचे मूळ पाप उघडे पडते. हिंसा हे त्याचे बाह्य रूप झाले. मूळ पाप असे की वैर माणसांची गोळाबेरीज करते. झोकनबागेत मारणाऱ्यांच्या दृष्टीने समोर एक लिपिक, त्याची पत्नी आणि तिच्या कडेवरचे मूल नव्हते. समोर होते केवळ ‘फिरंगी’. झाशीच्या गल्लीत शिरलेल्या शिपायाच्या दृष्टीने समोर कोणी कोष्टी वा भिक्षुक नव्हता. समोर होते केवळ ‘बंडवाले’. दोन्ही ठिकाणी माणसाचा चेहरा पुसून त्याच्या जागी एक अनेकवचन बसविले गेले. एकदा हे झाले म्हणजे हात चालविणे सोपे जाते.

साक्षीचे वाङ्मय नेमके उलट काम करते. ते गोळाबेरीज मोडून माणसांना पुन्हा एकेक करते. गोडसेभटजींनी राजकारणावर प्रबंध लिहिला नाही, न्यायावर तर नाहीच. त्यांनी एवढेच केले की एक घर, एक दार, दाराआड धडधडणारी छाती, तहानेने कोरडा पडलेला घसा, यांची नोंद ठेवली. ज्याला अपराधी आणि निरपराध वेगळे दिसत नाहीत, त्याला न्याय करता येत नाही. आणि ज्याला माणसे एकेक दिसत नाहीत, त्याला अपराधी व निरपराध वेगळे दिसणे शक्य नाही. म्हणून न्यायाची पहिली पायरी न्यायासनापाशी नसून साक्षीपाशी असते, असे आम्हांस वाटते.

३. पवित्र शास्त्राची दृष्टी

आमोसाच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावेत. संदेष्टा इस्राएलाच्या शेजारच्या राष्ट्रांवर एकामागून एक आरोप ठेवतो. त्यांना नियमशास्त्र दिलेले नव्हते, आणि मूर्तिपूजेबद्दलही तो त्यांना येथे जाब विचारीत नाही. तो विचारतो ते युद्धातील वर्तनाबद्दल. अम्मोन्यांनी सीमा वाढविण्यासाठी गिलादातील गर्भवती स्त्रियांची हत्या केली. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. हा शेवटचा आरोप विशेष विचार करण्याजोगा आहे. येथे अपराध करणारा परराष्ट्रीय आहे आणि ज्याचा अपमान झाला तोही परराष्ट्रीय, शिवाय तो मेलेला आहे. इस्राएलाचे त्यात काहीच गेले नाही. तरीही इस्राएलाचा देव त्या हाडांची दखल घेतो. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, ही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील शिकवण युद्धभूमीवर उतरली म्हणजे तिचा अर्थ असा होतो. शत्रूच्या प्रेतालाही मान आहे, आणि झाशीच्या चौकातील अनोळखी राखेचाही हिशेब देवापाशी आहे.

दुसरा उतारा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातील आहे. शौलाने गिबोन्यांवर केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून त्याच्या घराण्यातील सात पुरुष फाशी दिले जातात. अपराध शौलाचा, मरण मुलानातवांचे. हीच ती गोळाबेरीज होय. वास्तविक बापाच्या अपराधासाठी मुलाला मारू नये, असे अनुवादात स्पष्ट सांगितलेले आहे. या प्रसंगी रिस्पा काय करते? ती राजाशी वाद घालीत नाही, आणि तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. खडकावर गोणपाट पसरून, हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत, ती दिवसा पाखरांना व रात्री श्वापदांना त्या प्रेतांवर येऊ देत नाही. तिचे हे जागरण हीच तिची साक्ष. ते दावीदाच्या कानी गेल्यावर तो शौल, योनाथान व त्या सातांच्या अस्थी गोळा करवितो व त्यांना मूठमाती देववितो. आणि शास्त्रलेख सांगतो की देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली ती यानंतर. शिक्षा झाल्यावर नव्हे, तर मृतांना मान मिळाल्यावर. वधाने जी जखम भरली नाही ती एका आईच्या साक्षीने भरू लागली, ही गोष्ट आपल्या उपदेशांत क्वचितच येते.

४. दुसऱ्या साक्षीदाराची आवश्यकता

नियमशास्त्राप्रमाणे एका साक्षीदारावरून निर्णय होत नाही. दोघे किंवा तिघे लागतात. हा नियम वाङ्मयालाही लावला पाहिजे. १८५७ च्या काळातील ख्रिस्ती लोकांचीही साक्ष आहे. बनारसचे मिशनरी शेरिंग यांनी १८५९ साली हिंदी मंडळीच्या हालअपेष्टांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात फत्तेपूरचे बंगाली पाळक गोपीनाथ नंदी यांची हकीकत आहे. अलाहाबादेस ते सहकुटुंब बंदीत पडले, धर्म सोडण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले, पण ते ढळले नाहीत. दिल्लीत डॉक्टर चमनलाल हे ११ मे १८५७ रोजी ख्रिस्ती म्हणून मारले गेले. आपल्या मंडळ्यांत ही नावे आदराने घेतली जावीत. परंतु नंदींची हकीकत वाचून गोडसेभटजींची न वाचणे, किंवा गोडसेभटजींची वाचून नंदींची न वाचणे, म्हणजे एका साक्षीवर निकाल देणे होय.

मंडळीचे व्यासपीठही येथे कसोटीला लागते. ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस इंग्लंडमध्ये राष्ट्रीय नम्रतेचा व उपासाचा दिवस म्हणून पाळला गेला. त्या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये वीस हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे स्पर्जन यांनी उपदेश केला. हिंदुस्थानातील राज्यकर्त्यांच्या पापांवर त्यांनी बोट ठेवले हे खरे. पण बंडखोरांच्या कठोर शिक्षेला त्यांनी पाठिंबाही दिला. त्या महिन्यांत सूडाची मागणी करणाऱ्या आवाजांत धर्मोपदेशकांचे आवाज मिसळलेले होते. याउलट गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी ३१ जुलै १८५७ च्या आदेशाने, पकडलेल्या शिपायांत खून करणारे कोण आणि केवळ पलटण सोडून गेलेले कोण, असा भेद करण्यास सांगितले. या भेदाबद्दल ‘दयाळू’ म्हणून त्यांचा उपहास झाला. माणसे वेगळी पाहणे हा न्यायाचा आरंभ आहे. पण सूडाला पेटलेल्या समाजाला तो दुबळेपणा वाटतो, हे पाळकांनी ध्यानात ठेवावे.

साक्षीदारालाही न दिसणाऱ्या जागा असतात. ‘माझा प्रवास’मधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. काल्पीच्या वाटेवर, पराभवानंतर, पठाणी वेषातील धुळीने भरलेली राणी लक्ष्मीबाई एका विहिरीपाशी तहानेली भेटते. गोडसेभटजी पाणी काढून देऊ लागतात. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून ती स्वतःच पाणी काढते. राज्य गेलेले, पाठीवर शत्रू, आणि तरी दुसऱ्याचा मान राखण्याचे भान शाबूत, हे या प्रसंगाचे सौंदर्य होय. पण धर्मशिक्षकाने वर्गात येथे एक प्रश्न विचारावा : त्या विहिरीवर त्या वेळी कोणी महार किंवा मांग स्त्री तहानेली आली असती तर? गोडसेभटजींच्या वहीत हा प्रश्न उद्भवत नाही. त्यांच्या जगातला मान जातीच्या पायरीवरून मोजला जात होता.

तो प्रश्न विचारणारी लेखणी मात्र त्यापूर्वीच मराठीत उमटलेली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त, म्हणजे आपल्याच ख्रिस्ती नियतकालिकात, छापला गेला. मांग-महारांवर पेशवाईत झालेल्या जुलुमाची ती साक्ष आहे, आणि ती शांततेच्या काळाचेही युद्धरूप उघड करते. पुढे ज्या महूच्या वाटेवर गोडसेभटजींनी बंडाची वार्ता ऐकली, त्याच महूच्या छावणीत १८९१ साली डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. आणि २० मार्च १९२७ रोजी, वरसई ज्या कुलाबा जिल्ह्यात तेव्हा होते त्याच जिल्ह्यातील महाड येथे, त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. काल्पीच्या विहिरीवर जे राहून गेले ते महाडच्या तळ्यावर विचारले गेले. शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागणाऱ्या प्रभूचे शिष्य म्हणविणाऱ्यांना या दोन जलाशयांमधील अंतर कळले पाहिजे. ख्रिस्ताने तिचा मान राखला तो तिच्या पायरीनुसार नव्हे. तिच्या पाण्याची स्वतःला गरज आहे असे सांगून त्याने ती पायरीच काढून टाकली.

५. पाळक व धर्मशिक्षक यांच्यासाठी

या विवेचनावरून आपल्या सेवेसाठी काही गोष्टी निघतात, त्या थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, उपदेशात व प्रार्थनेत अनेकवचनांची जपणूक करावी. युद्धाच्या किंवा दंग्याच्या दिवसांत ‘ते लोक’ हा शब्दप्रयोग व्यासपीठावरून होऊ नये. ज्याने अपराध केला त्याचे नाव घ्यावे. संपूर्ण जातीचे, धर्माचे वा देशाचे नाव घेऊ नये.

दुसरी गोष्ट, क्षमेच्या आधी विलापाला जागा द्यावी. पवित्र शास्त्रात विलापगीत हे एक संपूर्ण पुस्तक आहे, आणि त्यात प्रश्नांची उत्तरे फारशी नाहीत. ज्याचे घर जळाले त्याला पहिल्याच भेटीत क्षमेचा उपदेश करणे म्हणजे त्याची साक्ष मध्येच तोडणे होय. आधी ऐकावे. क्षमा ही झालेल्या अन्यायाला नाव देऊनच करता येते. ज्याला नाव नाही त्याची क्षमा होत नाही, त्याचा केवळ विसर पडतो.

तिसरी गोष्ट, दोन साक्षीदारांची पद्धत वर्गात वापरावी. तरुणांच्या अभ्यासवर्गात एका आठवड्यात गोडसेभटजींच्या झाशीच्या प्रकरणाचे वाचन ठेवावे, दुसऱ्या आठवड्यात गोपीनाथ नंदींची हकीकत, तिसऱ्यात मुक्ताचा निबंध, आणि चौथ्यात आमोसाचे पहिले दोन अध्याय. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : या लेखकाला कोण दिसले, आणि कोण दिसले नाही? या प्रश्नाची सवय लागलेला विद्यार्थी वर्तमानपत्रही निराळ्या दृष्टीने वाचू लागेल.

चौथी गोष्ट, आपल्या आसपासच्या साक्षी जपाव्यात. फाळणीनंतर इंदुरात सिंधी निर्वासितांची मोठी वस्ती झाली. त्या स्थलांतराच्या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत अशी माणसे आता थोडी उरली आहेत. आपल्या मंडळ्यांतही युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या विधवा आहेत, दंग्यांत घर गमावलेली कुटुंबे आहेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने, एखाद्या वहीत उतरवून ठेवणे हीसुद्धा पाळकीय सेवा आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. गोडसेभटजींनी कर्ज फेडण्याच्या आशेने प्रवास केला आणि पंचवीस वर्षांनी आठवेल तसे लिहिले. त्यांना इतिहासकार व्हावयाचे नव्हते. तरीही झाशीच्या ज्या निनावी रहिवाशांसाठी कोणी शिलालेख कोरला नाही, त्यांच्यासाठी त्यांची वही उभी राहिली.

ज्या देवाने हाबेलाच्या रक्ताची हाक जमिनीतून ऐकली, त्याला साक्षीदाराची गरज नसते. गरज आपल्याला असते, कारण आपल्याला ती हाक ऐकू येत नाही. ती ऐकण्याची सवय मंडळीला लावणे, आणि ऐकल्यावर सूडाकडे न जाता न्यायाकडे जाण्याचे बळ देवापाशी मागणे, हे आपल्या सेवेचे काम आहे.